पुडिंगबाईचे अकरा एप्रन

४ डिसेंबर १९७८, सोमवार

या वहीच्या पुढच्या बाजूला थिएटरचं काम आहे. कोणाचं बटण तुटलं, कोणाचा घेर उसवला. मागच्या बाजूने मी माझं लिहिणार. गेल्या वर्षी त्या गाणाऱ्या बाईने परकर हरवल्याचा आळ माझ्यावर घेतला तेव्हा माझ्याकडे लेखी काही नव्हतं. परकर शेवटी तिच्याच पेटीत निघाला. माफी मागितली का? नाव नको. तेराव्या वर्षी शाळा सोडून लाँड्रीत गेले, त्यामुळे मला लिहायला वेळ लागतो. पण लिहिलेलं राहतं.

आज लायनल फार्दिंग आला. आठ वर्षं दर शनिवारी अख्खा देश टीव्हीपुढे बसून ज्याला बघायचा, तो. स्वतःच लिहायचा आणि स्वतःच करायचा. दोन वर्षांपूर्वी तो कार्यक्रम बंद झाला. का, ते कोणी सांगत नाही. आता आमच्या स्कार्थवेलला, एम्प्रेस थिएटरात, नाताळच्या पँटोमध्ये, म्हणजे पोरांसाठीच्या गाण्या-हसण्याच्या नाटकात, पुडिंगबाई करणार आहे. पुडिंगबाई म्हणजे राजवाड्याची स्वयंपाकीण. ही म्हातारी नेहमी बाप्यानेच करायची, मोठी छाती बांधून आणि गाल लाल करून. माझ्या आजीच्या वेळीही असंच होतं.

मापं घ्यायला गेले तर म्हणाला, "कंबर चौतीस." टेप लावली, एकेचाळीस.

"फार्दिंगसाहेब, चौतीस कधी होती?"

"टीव्हीवर. तिकडे सगळंच लहान दिसतं, क्लेगबाई."

मग टेपेत गुंडाळलेला असतानाच आईची गोष्ट सांगितली. आई बोल्टनच्या बाजारात गरम वाटाणे विकायची. हा गिऱ्हाइकांच्या नकला करायचा आणि आई डावाने डोक्यात मारायची. गोष्ट बरी आहे. पण मला आणखी सहा जणांची मापं घ्यायची होती.

मॅनेजर पोल जिन्यात थांबवून म्हणाला, "बेरिल, याला सांभाळून घे. जानेवारीत लंडनहून टीव्हीचा माणूस याला बघायला येणार आहे. आवडला तर याचा कार्यक्रम परत सुरू."

"आणि नाही आवडला तर?"

"तर याला पुन्हा कोणी बोलावणार नाही. अठ्ठावन्न वर्षांचा आहे तो."

मी पंचावन्नची आहे. मला कोण बोलावतंय?

९ डिसेंबर, शनिवार

तालमीचा सहावा दिवस आणि या माणसाला एक वाक्य पाठ नाही. दुसऱ्याने लिहिलेलं नाटक याला चाललं नाही, म्हणून पुडिंगबाईचं सगळं बोलणं याने स्वतः नव्याने लिहिलं. आणि आता तेच आठवत नाही!

केनी म्हणून इथलाच एक विनोदवीर आहे, दिवाणजीचं काम करतो. फार्दिंग पडला तर पुडिंगबाई मला मिळेल, म्हणून टपून बसलाय. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काय हो साहेब, तुम्हीच लिहिलंय ना हे?"

फार्दिंग म्हणाला, "लिहिणारा मी वेगळा. त्याचं आणि माझं पटत नाही."

सगळे हसले. पण वाक्य काही आलं नाही.

पोलने मला त्याचं कारण सांगितलं. टीव्हीवर म्हणे पाठ करावंच लागत नाही. कॅमेऱ्याच्या शेजारी एक माणूस मोठाले पांढरे पुठ्ठे धरून उभा राहतो, त्यावर काळ्या अक्षरात वाक्य असतं. ते नुसतं वाचायचं. आठ वर्षं असं केल्यावर डोक्याला गंज चढणार नाही तर काय! आम्ही त्या पुठ्ठ्याला हसत होतो म्हणायचं.

चहाच्या वेळी पुन्हा आईची गोष्ट. वाटाणे, नकला, डाव.

"सोमवारी सांगितलीत."

तो म्हणाला, "ती कच्ची होती. ही पक्की केलेली आहे."

शब्दाचा फरक नव्हता.

१४ डिसेंबर, गुरुवार

आज माझं डोकं फिरलं.

पुडिंगबाईला अकरा एप्रन आहेत. प्रत्येक प्रवेशाला वेगळा, कारण ती दर वेळी काहीतरी सांडते. अकराच्या अकरा मी धुऊन, खळ घालून, इस्त्री करून टांगले होते. आज घेते तर काय, प्रत्येकाची आतली बाजू काळ्या शाईने भरलेली! मुंग्यांची रांग चालावी तशी अक्षरं. बाह्यांच्या आत तेच. लाकडी डावावर तेच. कागदाच्या लगद्याचा कोबी आहे, त्याच्या पानापानावर तेच. मला वाचायचं कारण नव्हतं, मी डाग बघितले. माणूस थिएटरात चाळीस वर्षं आहे, आणि कपड्यावर लिहितो? कपडे माझे आहेत. त्याच्या अंगावर असतात तेवढा वेळ त्याचे.

लिंबू लावलं, मीठ लावलं, उकळले, पुन्हा लावलं. डाव घासला. कोबीला नवा हिरवा रंग दिला. बोटं सोलली.

१६ डिसेंबर, शनिवार

एप्रन दुधासारखे झालेत. आता पहिल्या प्रयोगापर्यंत कपाटाला कुलूप, आणि किल्ली माझ्या गळ्यात. फार्दिंग दोनदा येऊन गेला. म्हणाला, "नुसतं बघायचं होतं." मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी अंगात घालताना बघा."

२३ डिसेंबर, शनिवार

पहिला प्रयोग. सगळं सरळ लिहिते, उगाच कोणी माझ्यावर ढकलायला नको.

स्वयंपाकघराचा प्रवेश. पुडिंगबाई आली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिने एप्रनचं टोक उचलून आत बघितलं. पांढरं. दुसरं टोक उचललं. पांढरं. डाव उलटा केला. कोबी उचलून पानं बघितली. आणि मग तो नुसता उभा राहिला. मी पडद्याच्या कडेला, दहा पावलांवर. एवढा रंग फासलेला असूनही तोंड उतरलेलं दिसत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, एप्रनवर काय होतं ते.  मग लगेच राग आला. सांगायला काय झालं होतं? तोंड नव्हतं?

 केनी माझ्या मागे कुजबुजला, "संपला."

मग खालून एक चिमुरडी ओरडली, "काय विसरलीस गं?"

त्याने तिच्याकडे बघितलं. म्हणाला, "बाई गं, सगळंच विसरले. हे घर कोणाचं?"

"तुझं!" दोनशे पोरं.

"काय सांगता! आणि मी इथे कशाला आलेय?"

"केक करायला!"

"मला येतो केक?"

"नाही!"

झालं. पोरांनीच सांगायचं पुढे काय करायचं, आणि याने ते उलटं करायचं. अंडी म्हटली की टोपी फोडायला घ्यायचा. राजा आला तर विचारलं, "हे कोण गृहस्थ?" पोरं बाकांवर उभी राहून शिकवत होती. आयांची काजळं गालांवर आली. प्रवेश बारा मिनिटांचा, चालला पस्तीस. राजकन्या विंगेत झोपेचा झगा घालून कुडकुडत होती.

नंतर तो माझ्या कपड्यांच्या खोलीत आला. टोप हातात.

"क्लेगबाई, माझी वाक्यं कुठे गेली?"

"धुतली. आता त्यांच्यात काही राहिलं नाही."

वाटलं ओरडेल. मी पण कमरेवर हात ठेवून तयार होते. तर तो कपड्यांच्या पेटीवर बसला आणि म्हणाला, "मी बरा होतो का?"

"लांबलात," मी म्हटलं.

२५ डिसेंबर, सोमवार

नाताळ. फार्दिंग त्याच्या खानावळीत एकटा म्हणून पोलने तो माझ्या गळ्यात मारला. नवरा गेल्यापासून मी नाताळला दोन बटाटे आणि कोंबडीची एक तंगडी एवढंच करते, यंदा पूर्ण कोंबडी भाजावी लागली.

येताना लव्हेंडरच्या साबणाचा डबा आणला. भाषण केलं, "ज्या बाईने माझे शब्द धुतले, तिला." बरं, म्हटलं, आणि डबा कपाटावर ठेवला. जेवलो. पुडिंग खाल्लं. टीव्हीवर राणीचं नाताळचं भाषण ऐकलं. मग हा उठला, कपाटावरचा तोच डबा घेतला आणि माझ्यासमोर उभा राहून पुन्हा, "ज्या बाईने माझे शब्द धुतले, तिला." तसाच वाकून.

"एका डब्यात दोन वर्षांचं उरकताय का?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मग डब्याकडे, मग मोठ्याने हसला. ही विनोदी माणसं अशीच. टाळी मिळाली की तेच पुन्हा.

जाताना म्हणाला, "जेवण छान झालं, आयडा." आयडा त्याच्या आईचं नाव! मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान आहे.

२९ डिसेंबर, शुक्रवार

आता रोज दोन प्रयोग. तो म्हणाला, एप्रनवर तुम्हीच लिहा. मला कुठलं तेवढं लिहिता येतंय? म्हणाला, "माझं नका लिहू. मला काय करायचं तेवढंच लिहा. मला रागावता तसं."

मग मी प्रत्येक एप्रनला कापडाची पट्टी टाचली आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. पहिल्यावर, "स्वयंपाकघर. केक. पोरांना विचार." दुसऱ्यावर, "राजा तुझा मालक आहे. लाथ मारू नको." पाचव्यावर, "पुरे झालं. डाव्या बाजूने बाहेर हो." पट्टी सुटते, त्यामुळे एप्रन खराब होत नाही. हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर माझी बोटं वाचली असती.

आज त्याने रंगमंचावर एप्रन उचलला आणि मोठ्याने वाचलं, "पुरे झालं. डाव्या बाजूने बाहेर हो." माणसं खुर्चीतून खाली पडायची राहिली. त्यात हसण्यासारखं काय आहे? मी कामाचं लिहिलंय.

केनी म्हणाला, "बेरिलताई, तुम्हाला लेखकाचं मानधन मागायला हवं."

"तू आधी तुझ्या पाटलोणीची बटणं लावायला शीक," मी म्हटलं. उघडी होती.

५ जानेवारी १९७९, शुक्रवार

बर्फ थांबत नाही. ट्रकवाल्यांचा संप, बसवाल्यांचा संप, दुकानात लोणी नाही. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आणि त्यात आज दुपारचा प्रयोग संपल्यावर फार्दिंग गायब.

खोलीत त्याचे स्वतःचे कपडे खुंटीला. म्हणजे पुडिंगबाईच्या वेशातच गेला! मी कोट चढवून निघाले. हा कुठे सापडावा? समुद्राकाठच्या बसथांब्यावर. टोप, छाती, पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, सगळ्यासकट. भोवती पंधरा-वीस माणसं, हसून हसून बेजार. एक जण फोटो काढतोय. हा प्रत्येकाला विचारत होता, "बोल्टनची बस इथेच येते ना?" बोल्टन इथून शंभर मैल, मधे डोंगर! आणि विचारायचा इतकं कळवळून, की लोक आणखीच हसायचे.

मला बघितल्यावर म्हणाला, "बसच येत नाही हो."

"संप आहे," मी म्हटलं. "चला. सात वाजताचा प्रयोग आहे."

हात लाकडासारखे गार झाले होते. वाटभर माझी बाही सोडली नाही. मी त्याला इतकं बोलले, इतकं बोलले. झग्याचा सगळा घेर खाऱ्या पाण्याने खराब झाला, ती भरतकामाची कड मला पुन्हा लावावी लागणार. जाहिरात करायची तर कोरड्या जागी करावी.

पोल मात्र खूश. फोटो उद्या वर्तमानपत्रात येणार. "बेरिल, हा माणूस हाडाचा कलाकार आहे."

हाडापर्यंत गारठला होता खरा. मी त्याला गरम वाटाणे दिले. तो रडला. व्हिनेगर जास्त पडलं असेल.

८ जानेवारी, सोमवार

फोटो आल्यापासून सगळी तिकिटं गेली. रात्रंदिवस इस्त्री.

१२ जानेवारी, शुक्रवार

टीव्हीचा माणूस आला. ऑलिव्हर ट्रेंट नावाचा, तिशीतला, मखमली कोट. सगळे त्याच्याभोवती घुटमळत होते, केनी तर जास्तच. फार्दिंग शांत. मी एप्रन बांधत असताना म्हणाला, "आज काही विशेष आहे का?"

"काही नाही. केक आहे," मी म्हटलं. उगाच घाबरवायचं कशाला?

असा प्रयोग त्याने कधीच केला नव्हता. राजकन्येला विचारलं, "तू माझी का?" तिने नाही म्हटल्यावर पोरांना विचारत सुटला, "मग माझं कोण आहे?" आणि पोरं ओरडली, "आम्ही! आम्ही!" मोठी माणसंसुद्धा ओरडत होती. डोळ्यांत धूळ गेल्यामुळे मला ते पुसावे लागले. विंगेत कोणी झाडत नाही.

नंतर ट्रेंट माझ्या खोलीत आला. म्हणाला, "तुम्ही याला रोज बघता. हे असं रोज नवीन असतं?"

"रोज. कालचं त्याला चालतच नाही."

"विलक्षण! बारा भाग करायचे. लेखन नको, तालीम नको. तो आणि मुलं." मला कराराचा कागद दाखवला. सही एकवीस तारखेपर्यंत हवी, कारण तो त्याच रविवारी आमच्याकडच्या स्टेशनवरच्या हॉटेलात परत थांबणार आहे, तिथून पुढे लंडनला. मी म्हटलं, मिळाली समजा.

१७ जानेवारी, बुधवार

सही करत नाही! कागद आरशाच्या चौकटीत खोचलाय, त्यावर पावडर उडतेय. मी विचारलं, का?

"तिकडे तुम्ही नसणार."

"तिकडे दहा जणी असतील. तरण्या."

"त्या पुठ्ठ्यावर वाक्यं लिहितील, क्लेगबाई. डाव्या बाजूने बाहेर हो, असं कोणी लिहिणार नाही. मी तिथेच उभा राहीन." मग म्हणाला, "तुम्ही चला लंडनला."

माझे गुडघे, माझं घर, सत्तावीस वर्षांचं हे काम, सगळं सोडून याचे मोजे ओढायला लंडनला? मी म्हटलं, "मी काय तुमची आई आहे?"

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.  मग वाकून स्वतःचे मोजे स्वतःच ओढायला लागला. 

२० जानेवारी, शनिवार

शेवटचा प्रयोग. सोळा वेळा पडदा उघडावा लागला. अकरा एप्रन भिजत घातलेत. सही नाही. पोलने हात जोडून बघितले, केनीसुद्धा म्हणाला, "साहेब, वेड्यासारखं करू नका, मी असतो तर रक्ताने केली असती." फार्दिंग म्हणाला, "मग तुम्हीच करा." कागद त्याच्या हातात दिला! मी तो काढून घेतला.

मला झोप येणार नाही. आयुष्यात एकदा कोणी दार उघडून ये म्हणतं, आणि हा पायरीवर बसून राहतो. उद्या सकाळी त्याच्या खानावळीत जाऊन सही घेऊनच येते. मला कोणी नाही म्हणत नाही.

२१ जानेवारी, रविवार

गेले. कागद पर्समध्ये, पेन पर्समध्ये, काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलेलं.

दार त्यानेच उघडलं. सदरा नीट, टाय नीट, पायात काही नाही. मला म्हणाला, "नमस्कार. कोणाकडे आलात, बाई?"

इतक्या सभ्यपणे! चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. सात आठवडे मी या माणसाला हसले नव्हते, कारण काम करताना हसायला वेळ नसतो. आज मात्र फुटले. दाराची चौकट धरून हसले. पोटात दुखायला लागलं. तो वाट बघत उभा राहिला, दार धरून, जसं एखाद्या परक्या बाईला ठसका लागल्यावर थांबतात तसं. म्हणाला, "पाणी आणू का?"

मग मला आणखी हसू आलं. मागे खानावळीची मालकीण टॅटरसॉलबाई उभी होती, हातात त्याचे बूट. ती हसत नव्हती.

"सकाळपासून मलाही तेच विचारतोय," ती म्हणाली.

"तुम्हालाही फसवलं!" मी म्हटलं.

तिने बूट तेवढे माझ्या हातात दिले.

मी त्याला खुर्चीत बसवलं. मोजे घातले, बूट घातले, नाड्या बांधल्या. गुडघ्यांचं काय झालं ते मलाच माहीत. त्याने विचारलं, "तुम्ही हे काम पुष्कळ दिवस करता का?" मी म्हटलं, "सत्तावीस वर्षं." म्हणाला, "दिसतंच आहे."

कागद पर्समध्येच होता. पेनही होतं. मी सांगितलं असतं तिथे त्याने सही केली असती. मी काढला नाही. का नाही काढला, ते मला आता बसून लिहितानाही सांगता येत नाही.

स्टेशनवरच्या हॉटेलात गेले. ट्रेंट अंडी खात होता. बिनसहीचा कागद त्याच्या बशीशेजारी ठेवला आणि सांगितलं, "ते येणार नाहीत."

"पण का? ते काय म्हणाले?"

"काही म्हणाले नाहीत. मी म्हणतेय."

"माफ करा, पण तुम्ही त्यांच्या कोण?"

असला प्रश्न! मी म्हटलं, "कपडे बघते त्यांचे," आणि निघाले. लंडनची गाडी माझ्या डोळ्यांसमोर सुटली. मखमली कोट खिडकीत.

उद्या थिएटर बंद, मला काम नाही. सकाळी पुन्हा तिकडे जायचंय. टॅटरसॉलबाईला नाड्या धड बांधता येत नाहीत, आणि तो बर्फात तसाच बाहेर पडेल. दार तोच उघडेल. उद्याही तसंच विचारलं, तर हसायचं नाही असं ठरवलंय.